विसाव्याचे दाणे : एका गावातील प्रकल्प नोंदी

6 ऑगस्ट 2024, मंगळवार

मंजूर आराखड्याप्रमाणे आज ताणतणाव कमी करण्याविषयीचे पहिले सत्र होते. जागा समाजमंदिराची, वेळ दुपारी दोनची आणि अपेक्षा तीस महिलांची होती. प्रत्यक्षात आशाताई, अंगणवाडीच्या मदतनीस आणि गुडघे दुखतात म्हणून घरीच असलेल्या दोन आजी एवढ्याच आल्या. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्याच्या या गावात सध्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, निंदणाचे दिवस आहेत आणि हाताला काम असलेली प्रत्येक बाई वावरात आहे, ही गोष्ट आराखडा लिहिताना आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आली नाही. सत्र रविवारी ठेवू, असे मी म्हटले तेव्हा आशाताईंनी शांतपणे सांगितले, "ताई, रविवार नोकरीवाल्यायचा असते. वावराले रविवार नसते."

रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांनाही कोणी आपणहून दिली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून सभा घेऊन, कामगारांच्या सह्यांची निवेदने देऊन ती मागणी लावून धरली आणि 10 जून 1890 रोजी ती मान्य झाली. शेतमजुरांसाठी तशी लढाई कोणी जिंकलेली नाही. त्यांना होता तो आठवडी बाजाराचा दिवस. दोन्ही आजींनी सांगितले की त्यांच्या उमेदीच्या काळात बाजाराच्या दिवशी चुकारा, म्हणजे मजुरीचे वाटप, होत असे, म्हणून त्या दिवशी दुपारनंतर कोणी कामाला जात नसे. आता मजुरी कधी रोजच्या रोज मिळते, कधी गुत्त्याचे, म्हणजे ठेक्याचे, काम संपल्यावर एकदम मिळते, आणि तो अर्धा दिवस कधी गेला हे कोणालाच नेमके आठवत नाही.

सत्रे थांबवून दोन महिने केवळ दिवसाचे वेळापत्रक समजून घेण्यासाठी द्यावेत, अशी विनंती मी कार्यालयाकडे केली आहे.

13 ऑगस्ट 2024, मंगळवार

विनंती मान्य झाली, पण साप्ताहिक अहवाल मात्र वाढला.

वेळ मोजायची कशी, हा आजचा प्रश्न होता. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातील बिनमोली कामे करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाकाठी सरासरी 299 मिनिटे आणि तशी कामे करणाऱ्या पुरुषांची 97 मिनिटे त्यात जातात, असे तिच्यात आढळले. आकडा मोठा आहे आणि महत्त्वाचाही आहे, परंतु तो बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवला तेव्हा मिनिटांचा हिशोब कोणालाच आपला वाटला नाही. येथे दिवस मोजला जातो तो नळ आल्यापासून, पहिली एसटी गेल्यापासून, शाळेच्या घंटेपासून आणि दिवेलागणीपासून.

शेवटी मार्ग आजींपैकी एकीनेच काढला. सुपात दाणे मांडायचे. एक दाणा म्हणजे अर्धा तास, म्हणजे चोवीस तासांचे अठ्ठेचाळीस दाणे. वावरातील कामासाठी ज्वारी, घरातील कामासाठी तूर आणि झोप किंवा विसावा यासाठी सरकी. सरकीच का, असे मी विचारले, तर तिच्यावर रुई राहिलेली असते, ती बोटाला मऊ लागते, असे त्या म्हणाल्या. या कारणात बदल करण्याची मला काहीच गरज वाटली नाही.

21 ऑगस्ट 2024, बुधवार

आज बारा जणींनी सुपे मांडली. सगळ्यांची नोंद वहीत आहे, येथे एकीचीच सविस्तर लिहिते.

वय चौतीस, घरी नवरा, सासू, दोन मुले, तीन एकर कोरडवाहू वावर, आणि स्वतःचे काम आटोपले की दुसऱ्याकडे मजुरी. त्यांनी प्रथम झोपेच्या बारा सरक्या मोजून सुपाच्या एका कडेला लावल्या, कारण नळ साडेचारला येतो आणि अंथरुणाला पाठ टेकते ती रात्री साडेदहाला. मग सकाळच्या तुरीचे नऊ दाणे पडले. त्यात पाणी भरणे, सडा-सारवण, भाकरी, डबे, गोठा आणि धुणे आले. जाण्यायेण्याचे व वावरातील कामाचे मिळून ज्वारीचे सतरा दाणे झाले आणि संध्याकाळी पुन्हा तुरीचे नऊ. एक सरकी उरली होती, ती त्यांनी दुपारच्या जेवणासाठी धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) सावलीत बसण्याच्या वेळेवर ठेवली. आम्ही पुढच्या सुपाकडे वळणार, तेवढ्यात त्यांनी ती सरकी दोन बोटांनी उचलली, क्षणभर हातात धरली आणि तिच्या जागी तुरीचा दाणा ठेवला. "लहानीले संग नेतो ना जी. जेवतानी तिलेच भरवनं होते, माहं जेवन उभ्यानंच होते. थो इसावा नाही."

बैठकीत कोणी काही बोलले नाही, पण त्यानंतर आणखी तिघींनी आपापल्या सुपातून एकेक सरकी काढून घेतली. प्रश्नावलीत 'दुपारची विश्रांती : होय/नाही' असा रकाना आहे. चौघींच्या त्या रकान्यात आम्ही अगोदरच 'होय' लिहिले होते. आज तो खोडला.

बारा सरक्या म्हणजे सहा तास. प्रौढ माणसाला साधारण सात तास किंवा त्याहून अधिक झोप लागते, असे आरोग्यशास्त्र सांगते. हे वाक्य त्या बैठकीत उच्चारण्याचे माझ्या जिवावर आले. झोप कमी पडते हे ज्यांना अंगाने ठाऊक आहे, त्यांना ते सांगून उपयोग नसतो. ती साडेचारला मोडते कशामुळे, एवढेच पाहण्यासारखे आहे.

2 सप्टेंबर 2024, सोमवार

आज पोळा. औपचारिक काम नव्हते, तरीही मी मुद्दाम गावात थांबले.

काल संध्याकाळी खांदेमळणी झाली. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप-हळद लावून, पळसाच्या पानांनी शेकून, बैलांच्या कानाशी "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असे आमंत्रण दिले गेले. आज कोणी बैलाला जू लावले नाही. लावायचे मनात आणले असते तरी गावाने ते होऊ दिले नसते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला सांगितले की, बैल थकला आहे की नाही हे त्याला विचारून पोळा येत नाही, तो पंचांगात असतो. तेव्हापासून मी याच गोष्टीचा विचार करते आहे. बैलाचा विसावा त्याच्या मालकाच्या सवडीवर सोडलेला नाही. त्याला तिथी आहे, त्याचा विधी आहे, आणि तो मोडणाऱ्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे खाली पाहावे लागते. माणसाच्या विश्रांतीविषयी मात्र आमचे आराखडे प्रत्येकाला एकट्याने, मनावर घेऊन, वेळ काढायला सांगतात.

बैलांच्या नैवेद्यासाठी पुरण शिजवायला बाया आज पहाटे चारलाच उठल्या होत्या, ही नोंदही येथे राहिली पाहिजे. ट्रॅक्टर आल्याने गावातील बैलजोड्या खूप कमी झाल्या, मात्र पुरणपोळ्या पूर्वीइतक्याच कराव्या लागतात.

18 सप्टेंबर 2024, बुधवार

पुरुषांच्या गटाची पहिली बैठक झाली. आठ जण आले, त्यांपैकी पाच जण फवारणीची मजुरी करतात. येथे फवारणीचा हिशोब पंपामागे होतो, म्हणजे जितके पंप मारले तितके पैसे. त्यामुळे न्याहारीसाठी हात धुऊन बसणे म्हणजे सरळ सरळ एका पंपाचे नुकसान, असेच प्रत्येकाच्या मनात असते.

2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यावेळी औषधांच्या मिश्रणाची, पंपांची, वाढलेल्या पऱ्हाटीची आणि संरक्षक कपडे नसल्याची चर्चा झाली, आणि ती योग्यच होती. माझ्या मते कामाच्या तासांचा आणि मजुरीच्या पद्धतीचा प्रश्न तिच्या बाजूनेच निसटून गेला. कारखान्यातील कामगाराला 1948 च्या कारखाने अधिनियमाने सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची सुट्टी दिली, परंतु पाठीवर विषारी औषधाचा पंप घेऊन चिखलात चालणाऱ्याला पंपाच्या दरापलीकडे काहीच बांधून दिलेले नाही.

बैठकीत एवढेच ठरले की, दोन मोठ्या शेतकऱ्यांशी बोलून फवारणी सकाळी व उतरत्या उन्हात करायची, आणि मजुरी पंपामागे न ठेवता दिवसाची ठेवायची. एकाने होकार दिला. दुसऱ्याने विचार करून सांगतो म्हटले.

9 ऑक्टोबर 2024, बुधवार

सोयाबीनची सवंगणी (कापणी) गुत्त्याने सुरू आहे. बैठक घेतली नाही. कोणाला बोलावणेच अन्यायाचे झाले असते.

24 ऑक्टोबर 2024, गुरुवार

ही नोंद माझ्या स्वतःविषयीची आहे आणि ती प्रकल्पाच्या वहीतच असावी, असे मी जाणीवपूर्वक ठरवले आहे.

सोमवारी रात्री तालुक्याहून परतताना दुचाकीवर माझा डोळा लागला. गाडी रस्त्याच्या कडेच्या मुरमात उतरली, त्या आवाजाने जाग आली, आणि खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. गाडी बंद करून मी बराच वेळ तिथेच बसून होते. त्या दिवशी सकाळी सहापासून मी कामावर होते, आणि घरी पोहोचल्यावर त्याच रात्री छायाचित्रांसह अहवाल व्हॉट्सॲपवर टाकायचा होता.

काल मी माझ्या आठवड्याचे दाणे मांडले. हिशोब एकसष्ट तासांचा झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला 55 तास किंवा त्याहून अधिक काम केल्यामुळे झालेल्या पक्षाघाताने व हृदयविकाराने 2016 या एका वर्षात जगभरात सुमारे 7 लाख 45 हजार माणसे दगावली. हा आकडा मी स्वतः सादरीकरणात वापरला आहे. तो माझ्याविषयीही आहे, हे मात्र मुरमात बसल्यावर कळले.

कार्यालयाला पत्र लिहिले आहे. त्यात दोन गोष्टी मागितल्या : संध्याकाळी सातनंतर अहवाल मागू नये, आणि क्षेत्रभेटीचा दिवस व अहवालाचा दिवस वेगळा असावा. सेवाग्राम येथून जवळ आहे. तेथे मुक्काम असतानाही गांधीजी सोमवारी मौन पाळत. त्या दिवशी कामे थांबत नसत, लिखाण चालू असे, फक्त बोलण्याची मागणी बंद असे. तेवढ्या मोठ्या कामाच्या माणसाने आठवड्यातून एक दिवस राखून ठेवला आणि भोवतालच्या सर्वांनी तो मानला, हे आठवून पत्र लिहिताना मला संकोच वाटला नाही. पहिली मागणी मान्य झाली आहे.

11 नोव्हेंबर 2024, सोमवार

ग्रामपंचायतीत पाण्याच्या वेळेवर बैठक झाली. बाराही सुपांत पहाटेची झोप नळामुळेच तुटत होती, म्हणून दिवाळीनंतर हा विषय घेण्याचे सरपंचताईंनी कबूल केले होते. नळ एकदिवसाआड साडेचारला सुटतो, आणि कोणता दिवस आपला, हे चुकू नये म्हणून बाया रोजच त्या वेळेला जाग्या होतात. साडेचारच का, याचे उत्तर कोणाला ठाऊक नव्हते. ते नळ सोडणाऱ्या माणसाने दिले : सहा वाजता त्याला स्वतःच्या वावरात जायचे असते, म्हणून तो त्याअगोदर पाणी सोडून मोकळा होतो. एका माणसाच्या तुटपुंज्या मानधनामुळे आणि दोन ठिकाणच्या कामामुळे साऱ्या गावाची पहाट दीड तास अलीकडे आली होती. त्याला दोष देण्यात काही अर्थ नव्हता, तो तर सगळ्यांच्या आधी उठत होता.

बचत गटातील दोघींनी व्हॉल्व्ह फिरवायला शिकावे, अशी सूचना आली. मी तिला विरोध केला. विसाव्यासाठी काढलेल्या मार्गातून पुन्हा बायांच्याच सुपात तुरीचे दाणे वाढणार असतील, तर तो मार्ग नको. अखेर पंचायतीच्या शिपायाने सकाळी सहाला पाणी सोडावे आणि टाकी आदल्या संध्याकाळी भरून घ्यावी, असे ठरले. 1 डिसेंबरपासून प्रयोग म्हणून सुरुवात होईल.

बैठकीनंतर पुरुषांनी आपला विषय काढला, तो जागलीचा. तुरीत आणि हरभऱ्यात रात्री रोही (नीलगायी) व रानडुकरे शिरतात. एका रात्रीत पिकाची नासाडी होते, म्हणून प्रत्येक जण आपापल्या वावरातल्या माळ्यावर थंडीत जागा असतो. शिवाय ओलिताच्या पंपाची लाईन आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, पण या गावाच्या फीडरवर अजून तरी रात्रीची पाळी सुटलेली नाही. दिवसभर काम आणि रात्रभर जागल केलेला नवरा घरात चिडचिडतो, ही तक्रार ऑगस्टमध्ये चार बायांनी केली होती. तेव्हा मी ती 'कौटुंबिक ताण' या शीर्षकाखाली लिहिली होती. ते शीर्षक चुकीचे होते.

लागून असलेल्या सहा वावरांच्या सहा जणांनी मिळून पाळी लावायची, एका रात्री दोघांनी सगळ्यांचे राखायचे, असे त्यांनी आपसांत ठरवले. म्हणजे प्रत्येकाला तीन रात्रींतून एकच जागल. यात मी काहीही सुचवले नाही.

3 डिसेंबर 2024, मंगळवार

कापसाच्या वेचणीवर दिवसभर थांबले. वेचणीची मजुरी किलोमागे मिळते. दहिवर वाळल्यावर, साधारण साडेनऊला, पाती लागतात आणि प्रत्येक बाई कमरेला ओटी बांधून आपली पात धरते. मध्येच कोणी एकटी बसली तर तिची पात मागे राहते, बाकीच्या पुढे निघून जातात, आणि मागे राहिलेल्या बाईला वावराचा मालक काही बोलला नाही तरी तिला स्वतःलाच ओशाळल्यासारखे होते. म्हणून कोणीच बसत नाही. पाणीदेखील उभ्यानेच पितात, आणि लघवीला जावे लागू नये म्हणून काही जणी ते पीतच नाहीत.

ज्या मजूर टोळीबरोबर आम्ही बोललो होतो, तिच्या मुकादमबाईंनी आज प्रथमच दीड वाजता सगळ्यांना एकाच वेळी ओटी सोडायला लावली. अर्धा तास सगळ्या जणी धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसल्या. पहिली दहा मिनिटे कोणालाच स्वस्थता नव्हती. मग एकीने पाय लांब केले, दुसरीने बोटांत रुतलेली बोंडाची टोके उकरून काढली, आणि वयाने सर्वांत मोठ्या बाई डोक्याखाली ओटीचे गाठोडे घेऊन चक्क झोपल्या. लहान मुले यावेळी अंगणवाडीत होती. संध्याकाळच्या मोजमापात काही फरक पडला का, हे एका दिवसावरून सांगणे योग्य नाही, परंतु कोणी तक्रार केली नाही.

मोजमापाचा मुद्दा वेगळा लिहून ठेवते. काम पाचला संपते, काटा मात्र सहाला येतो. तो एक तास बाया वावरातच बसून असतात. बाहेरून पाहणाऱ्याला ती विश्रांती वाटेल, पण घरी चूल पेटायची राहिलेली असते आणि जीव तिकडे लागलेला असतो. काटा साडेचारलाच आणावा, यासाठी मालकाशी बोलणे चालू आहे.

15 जानेवारी 2025, बुधवार

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून आज पुन्हा सुपे मांडली. बारांपैकी दहा जणी आल्या. एक घर मुलाच्या शिक्षणासाठी वर्ध्याला गेले, आणि एकीने यापुढे येणार नाही असे स्पष्ट कळवले, कारण घरातील गोष्ट चारचौघांत मांडणे तिच्या सासऱ्यांना पटलेले नाही. तिच्यावर आमच्यामुळे बोलणी खाण्याची वेळ आली असेल, तर तो प्रकल्पाचा दोष आहे आणि तो तसाच लिहिला पाहिजे.

ऑगस्टमधील त्या चौतीस वर्षांच्या ताईंच्या सुपात आज पंधरा सरक्या आहेत. झोपेच्या तेरा, कारण त्या आता पाचला उठतात. दुपारची एक, बाभळीखालची. आणि आणखी एक सरकी त्यांनी संध्याकाळच्या तुरीच्या दाण्यांमध्ये ठेवली. त्या वेळेला काय करता, असे मी विचारले. "काईच नाही," त्या म्हणाल्या, "ओट्यावर बसतो. पानी आता थे भरते, एकदिवसाआड."

सगळीकडे असे झालेले नाही. तिघींच्या सुपात सरकी होती तेवढीच आहे. पहाटेची वाचलेली वेळ त्यांनी गोठ्याला आणि शिवणकामाला दिली आहे. एकीने तर ती उघडपणे कापसाच्या पातीला दिली, कारण मुलीची फी भरायची आहे. तिला विसाव्याचे महत्त्व सांगावे, असे मला वाटले नाही. तिच्या फीची तजवीज या प्रकल्पाकडून होणार नाही, हे दोघींनाही ठाऊक होते.

जागलीची पाळी दीड महिना नीट चालली. एका रात्री एकाचा हरभरा रोह्यांनी खाल्ला, त्यावरून वाद झाला, तो सहा जणांनीच मिटवला.

6 फेब्रुवारी 2025, गुरुवार

नव्या वर्षाच्या आराखड्यातून सत्रांचा भाग काढून टाकला आहे. त्याऐवजी उन्हाळ्याची तयारी धरली आहे. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो आणि यवतमाळचे ऊनही फारसे मागे राहत नाही. रोजगार हमीच्या कामावर आठ तासांत एक तास विश्रांती धरलेली आहे, आणि कामाच्या ठिकाणी सावली, पिण्याचे पाणी व प्रथमोपचाराची पेटी असावी, असा नियम आहे. नाला खोलीकरणाचे काम एप्रिलमध्ये निघण्याची शक्यता आहे. ते पहाटे सहाला सुरू करून अकराला थांबवावे, उरलेले उन्हे उतरल्यावर करावे, आणि सावलीचा मांडव कामाच्या पहिल्या दिवसाच्या आधी उभा असावा, असा अर्ज ग्रामपंचायतीकडे आजच दिला. बांबू आणि पळसाच्या फांद्यांचा खर्च त्यात लिहिला आहे.

नळाची वेळ बदलून नियमित व्हावी, यासाठी मासिक सभेचा ठराव झाला. शिपायाच्या वाढीव कामाचे मानधन मात्र अजून मंजूर नाही, ते झाल्याशिवाय ही व्यवस्था टिकणार नाही. पुढच्या सभेत हाच पहिला विषय मांडायचा आहे.

निघताना बचत गटाच्या अध्यक्षताईंनी सुपे आणि दाण्यांची डबी आपल्याकडेच ठेवून घेतली. दर अमावास्येला त्या स्वतः मांडणी करणार आहेत. यावेळी नवऱ्यांनाही बसवायचे, असे त्यांनी ठरवले आहे. डबीत सरकी कमी पडेल, म्हणून पुढच्या फेरीला जिनिंगमधून ओंजळभर आणायला त्यांनी मला सांगितले आहे.